अकरा माडांची जागा

आमच्या थळच्या वाडीत तंबू ठोकण्याएवढी मोकळी जागा आहे असं २०२० च्या मे महिन्यात कुणी म्हटलं असतं, तर माझी आत्या हसली असती. वाडीत मोकळी जागा नसते. वर माड, माडाच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढवलेली पानवेल नाहीतर मिरी, खाली केळी आणि अळू, कडेला आंबा-फणस. दुपारचं ऊन गाळून गाळून खाली येईल आणि जमिनीवर नाण्याएवढे ठिपके पडतील, इतकी दाटी.

३ जूनला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. आमच्या ३१ माडांपैकी ११ माड मुळासकट आडवे झाले. दोनशेच्या आसपास पोफळी होत्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त मधोमध मोडल्या, काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा. घराची कौलं उडाली. आणि वाडीच्या पश्चिमेला, जिथे माझ्या जन्माआधीपासून हिरवा काळोख होता, तिथे आभाळ दिसायला लागलं.

या वर्षी प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही आठ जण त्या आभाळाखाली दोन रात्री राहून आलो. कल्पना काकाची. त्याच्या मते हे कॅम्पिंग होतं. बाबांच्या मते ती मीटिंग होती. आत्याने काहीच म्हटलं नाही, फक्त येताना दोन मडकी आणि एक कोयता घेऊन आली.

*

आधी मीटिंगबद्दल सांगते, कारण ती डोक्यात घेऊनच आम्ही भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवली होती.

वाडी १८ गुंठे. सातबारावर तीन नावं: आत्या, बाबा, काका. आत्या सगळ्यात मोठी, ६१ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि अलिबागला भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. बाबा ठाण्यात, काका पुण्यात. गेल्या दिवाळीनंतर एका एजंटचे काकाला फोन येऊ लागले. मुंबईची पार्टी आहे, वीकेंडसाठी घर बांधायचंय, शेतकरी दाखलाही आहे. (महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही आधीच शेतकरी असावं लागतं, म्हणून हल्ली जमिनीच्या प्रत्येक व्यवहारात हा दाखला सर्वांत आधी खिशातून बाहेर येतो.) गुंठ्याचा जो भाव सांगितला गेला, तो ऐकून आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या शिक्षणाचं कर्ज, बाबांचा गुडघा, काकाच्या फ्लॅटचे हप्ते, सगळं त्या आकड्यात मावत होतं.

एजंटने वाडीचे फोटोही मागवले होते. ते पाहून त्याने काकाला व्हॉइस मेसेज पाठवला. मी तो तीनदा ऐकला. त्याचं म्हणणं असं, की जुनी झाडं लागूनच आहेत, ती तर ठेवायचीच, लोकांना हल्ली माड हवेच असतात; आणि मागे वादळात जी जागा मोकळी झालीय ना, ती पूलसाठी एकदम परफेक्ट आहे.

व्यवहार सोपा व्हावा म्हणून काकाने वकिलाकडून एक कागद करून आणला होता. हक्कसोडपत्र. आत्याने सही केली की सातबारावर दोघेच भाऊ उरतात. नंतर पैशांत तिचा वाटा तिला द्यायचाच होता, काका तसा माणूस नाही की बुडवेल. पण कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. २००५ च्या कायद्याने मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मुलांच्या बरोबरीचा केला, तेव्हापासून अनेक घरांत हा कागद राखीच्या ताटाशेजारी आला आहे. माझ्या तीन मैत्रिणींनी तो पाहिलाय. दोघींनी सही केलीय.

*

थळ म्हणजे अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या अलीकडचं गाव. बाहेरच्यांना ते दोन गोष्टींसाठी माहीत असतं: आरसीएफचा खत कारखाना आणि खांदेरीला जाणाऱ्या होड्या. पण हा सगळा पट्टा मुळात एक बाग आहे. त्याचं जुनं नाव अष्टागर. आठ आगरं. आगर म्हणजे नारळी-पोफळीचा मळा. कुणी आठ गावं मोजताना साखर घेतं, कुणी सासवणे घेतं. पण चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी, अलिबाग, थळ, किहीम ही नावं बहुतेक याद्यांत असतात. मैलोन्‌मैल पसरलेली, कुंपणांनी तोडलेली, पण वरून बघितलं तर सलग दिसणारी एकच बाग.

अलिबागच्या तर नावातच बाग आहे. अली नावाच्या कुणा श्रीमंत माणसाने इथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या कुलाबा गॅझेटिअरने त्याला मुसलमान म्हटलंय. बेने इस्राएल लोक सांगतात की तो त्यांचा, म्हणजे ज्यू. तेही इथलेच. त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले ते थळला लागून असलेल्या नवगावात, अशी त्यांची परंपरा आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’. किहीमकर, पेणकर अशी त्यांची आडनावं आजही या गावांची आठवण ठेवून आहेत. अली नक्की कोणाचा, हा वाद मला फार आवडतो. गावाचं नाव एखाद्या राजावरून किंवा लढाईवरून न पडता विहिरी खोदून झाडं लावणाऱ्यावरून पडावं, आणि दोन समाजांनी म्हणावं की तो आमचा.

आपण ‘ऐतिहासिक बाग’ म्हटलं की डोळ्यांसमोर कारंजी येतात, दगडी कमान येते, तिकीट खिडकी येते. अष्टागरला यातलं काहीच नाही. बाग लावणाऱ्यांनी ती बघण्यासाठी लावली नव्हती. खोबरं, तेल, सुपारी, विड्याची पानं, घरावर घालायला झाप, दोराला काथ्या. आंग्रे कुलाब्याला आरमार उभं करत होते तेव्हा ते याच बागेच्या तोंडाशी उभं होतं. दोरखंड म्हणजे काथ्या, आणि काथ्या म्हणजे कुणाच्या तरी वाडीतली सोडणं, खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून मग बडवलेली.

*

तंबू काकाने आणले होते, तीन, नवे कोरे, डेकॅथलॉनचे. ते उघडण्यात आणि परत घडी घालण्यात माझा भाऊ आणि काका अर्धा तास रमले. मग काकाने माडांच्या मधली सावलीची जागा निवडली. आत्याने मान वर केली, एक एक माड बघत गेली, आणि म्हणाली, “इथे नको.”

“का गं ताई? माडाला डोळे असतात म्हणतेस ना तू?”

“माडाला असतात रे. झावळीला नसतात.”

सुकलेली झावळी किती जड असते हे तिच्याशेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दहा-पंधरा फूट लांब, देठ मनगटाहून जाड. ती पडताना आवाजही उशिरा येतो. आत्या आम्हाला पार पश्चिमेला घेऊन गेली. “इथे टाका. इथे डोक्यावर काही नाही.”

ती तेवढं सहज बोलली. पण तंबूचे खिळे ठोकताना माझ्या हाताला प्रत्येक ठिकाणी मुळांचा जुना जाळ लागत होता. माडाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या तळातून दोरीसारखी शेकडो मुळं चहूकडे जातात. माड पडला तेव्हा मुळांचा गड्डा वर आला, तरी टोकं जमिनीत राहिली. सहा वर्षांनी ती ठिसूळ झालीत, पण आहेत. छोटीला, म्हणजे काकाच्या नऊ वर्षांच्या मुलीला, मी तो गुंता दाखवला. ती म्हणाली, “इथे आधी झाड राहायचं?”

राहायचं. अकरा राहायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवा. म्हणजे एका माडाला साधारण ५६ चौरस मीटर. अकरा माडांची जागा म्हणजे सहा गुंठे. आमच्या वाडीचा तिसरा हिस्सा. चार माणसांचा तंबू एका माडाच्या वाट्यात ऐसपैस बसतो, बाहेर खुर्च्या टाकायला जागा उरते.

मला वाटलं होतं वादळ एक दिवस आलं आणि गेलं. आत्याने सांगितलं ते तसं नव्हतं. पोफळीला ऊन सोसत नाही, विशेषतः दुपारनंतरचं पश्चिमेचं. माडांचा पडदा गेला आणि वाचलेल्या पोफळींच्या खोडांवर एका बाजूने पिवळे चट्टे आले, मग ते तपकिरी झाले, मग खोड तिथेच चिरलं. पुढच्या दोन वर्षांत वादळाने सोडलेल्या आणखी बावीस पोफळी अशा गेल्या. पडलेले माड कापून उचलायला माणूस मिळेना. सगळ्यांच्याच वाड्या आडव्या होत्या, करवती कमी होत्या, आणि वर करोना. ओंडके पडून कुजले, आणि कुजक्या ओंडक्यात गेंड्या भुंगा वाढतो. तो माडाच्या कोवळ्या सुईत, म्हणजे शेंड्याच्या न उमललेल्या पानात, भोक पाडून शिरतो. २०२१ साली आत्याने या मोकळ्या जागेत चार माड लावले, दोन भुंग्याने खाल्ले. नुकसानभरपाईची घोषणा हेक्टरी झाली होती. गुंठ्यांत मोजायची, एकाच जागी चार थरांची मिश्र वाडी त्या हिशोबात कशी बसवायची, हे तलाठ्यालाही सुचत नव्हतं.

हे सगळं मला पहिल्यांदाच कळत होतं. आमच्या घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या सहा वर्षांत आत्याचे मेसेज येत: “आज शहाळी पाठवली आहेत.” “पंपाचा फूटव्हॉल्व्ह गेला, बदलून घेतला.” आम्ही अंगठा पाठवायचो.

*

आत्या मंगळवारी आणि शुक्रवारी अलिबागहून मिनिडोरने थळला येते, पंप लावते, वाडी शिंपते, संध्याकाळच्या मिनिडोरने परत जाते. पावसाळा सोडून वर्षभर. नारळ-सुपारी उतरवायला पाडेली येतो. तोही आता एकच उरलाय, पाच गावांना मिळून. त्याचा मुलगा रो-रोच्या धक्क्यावर नोकरी करतो.

शनिवारी दुपारी तिने आम्हाला शिंपायला लावलं. विहिरीवर पंप आहे, पण पंपाच्या बाजूला अजून रहाटाचे दोन खांब उभे आहेत. रहाट आजोबांच्या वेळेपर्यंत चालू होता. आडवं चाक, त्याच्या दात्यांत अडकलेलं उभं चाक, उभ्या चाकावरून विहिरीत सोडलेली गाडग्यांची माळ. रेडा झापडं लावून गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पन्हळीत ओतायची, पन्हळीतून पाटात, पाटातून आळ्यात. पहाटे चारला सुरू झालेला तो कुरकुराट हेच बाबांचं घड्याळ होतं. त्यांना अजून पहाटे चारला जाग येते, ठाण्यात, चौदाव्या मजल्यावर.

“रहाटाने काय पाणी निघत असेल?” माझा भाऊ म्हणाला.

“निघायचं तेवढंच निघायचं,” आत्या म्हणाली. “म्हणून तर विहीर गोडी राहिली.”

मग तिने शिक्षिकेच्या आवाजात आम्हाला समजावलं. किनाऱ्यावर जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी असतंच. पावसाचं पाणी पुळणीतून मुरतं आणि त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. आपली विहीर त्या वरच्या थरात आहे. सावकाश उपसलं तर थर पुन्हा भरतो. एकदम उपसलं तर खालचं खारं पाणी वर ओढलं जातं, पाणी मचूळ होतं, आणि एकदा मचूळ झालं की ते गोडं व्हायला किती पावसाळे लागतील सांगता येत नाही. ती स्वतः पंप पाऊण तास चालवते, मग बंद करून तासभर थांबते, मग परत. तो तासभर ती सोडणं गोळा करते, झावळ्यांचे हीर काढते. “मी रहाट आणि रेडा दोन्ही आहे,” असं म्हणून स्वतःच हसली.

एजंटचा पूल माझ्या डोक्यात आला. तो भरायला लागणारं पाणी कुठून येणार होतं ते मी काकाला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तोही विहिरीतच बघत होता.

छोटी मात्र मजेत होती. पोफळीची विरी गळून पडते, चपलेच्या पुठ्ठ्यासारखी, लांब दांड्याची. तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्याने दांडा ओढत पळायचं. बाबा आणि काकाने तिला आळीपाळीने वाडीभर ओढलं. बाबांचा गुडघा दुखत असल्याचं त्या तासाभरात कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही.

*

हल्ली कॅम्पिंग म्हटलं की बार्बेक्यू ठरलेला. पण रायगडात थंडीत उघड्यावर रात्र काढायची तर जेवण एकच, पोपटी. आत्याने मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घातला. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग बटाटे, रताळी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, अंडी. परत शेंगा. तोंडाशी पुन्हा पाला दाबून भरला. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवलं आणि भोवती झावळ्या, पोया, सोडणं रचून पेटवलं. सगळं जळण वाडीतलंच. अर्ध्या-पाऊण तासाने आत्याने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले. चर्र झालं आणि पाणी क्षणात सुकलं. “झाली.”

शेंगा खाताना कुणी बोलत नाही, कारण हात आणि तोंड दोन्ही कामात असतात. सोबत अलिबागचा पांढरा कांदा होता, जो नुसता दातांनी फोडून खाता येतो. समुद्र जवळच होता, भरतीचा आवाज येत होता. कारखान्याच्या दिव्यांमुळे उत्तरेचं आभाळ फिकट होतं, पण आमच्या डोक्यावरचं चांगलं काळं. काकू म्हणाली, “किती तारे दिसतात इथून.” आई म्हणाली, “आमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा आले ना, तेव्हा इथून एक दिसत नव्हता.”

मग काकाने कागद काढला.

तो काढताना त्याला बरं वाटत नव्हतं हे मला दिसत होतं. तो म्हणाला, “ताई, जबरदस्ती नाही. पण तू एकटी किती दिवस करणार? पाच वर्षांनी तुला मिनिडोरमध्ये चढता येणार नाही. तेव्हा वाडी तशीही मरणार. त्यापेक्षा आज तिघांचं भलं होतं.”

त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच अवघड होतं. वाडी विकू पाहणारा माणूस लोभीच असतो असं नाही. अष्टागरातल्या कितीतरी वाड्या अशाच गेल्या आहेत. मुलं मुंबईला, म्हातारी माणसं एकटी, पाडेली मिळत नाही, वादळानंतर उत्पन्न निम्म्यावर, आणि दारात असा भाव की नाही म्हणणाऱ्याला वेड्यात काढावं. रो-रो २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत. मुंबई जवळ आली तशी वाडी शेतीतून निघून ‘लोकेशन’ झाली.

आत्याने कागद वाचला, मोबाईलच्या टॉर्चमध्ये, पूर्ण, शाळेचे पेपर तपासावेत तसा. घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला. म्हणाली, “उद्या बोलू. शेंगा गार होतायत.”

*

रविवारी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. समोर जवळ उंदेरी, तिच्यामागे खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना पाठवून खांदेरीवर बांधकाम सुरू केलं आणि मुंबईचे इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही खवळले. पुढच्या वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी तटबंदी करून अडवून धरली. खांदेरीवर १८६७ साली बांधलेलं दीपगृह आहे, रात्री तंबूतून त्याचा झोत जाणवत होता. आणि आता, २०२५ च्या जुलैपासून, खांदेरी जागतिक वारसा आहे. युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यातला एक हा.

मला त्याचा आनंद आहे, होडीवाल्यांना तर नक्कीच आहे. पण किल्ल्याकडे तोंड करून उभं राहिलं की पाठीमागे जे असतं त्याला कुठलीच यादी नाही. त्याच्याकडे फक्त सातबारा आहे. तटाचा दगड ढासळला तर तो परत बसवण्यासाठी एक खातं आहे, नियम आहेत. माड पडला तर तो परत लावण्यासाठी एक आत्या आहे.

मराठ्यांना या दुसऱ्या वारशाची किंमत माहीत होती. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यात आरमारासाठी लाकूड कुठून आणावं ते सांगताना ते आंबा-फणसावर येतात. ही लाकडं आरमाराच्या कामाची खरी, पण त्यांना हात लावू देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं होऊन उपयोगातून गेलं असेल, तर मालकाला समजावून, पैसे देऊन, त्याचं मन राखून मगच तोडावं. मी हे कॉलेजात वाचलं होतं आणि पर्यावरणाच्या निबंधात वापरून मार्क मिळवले होते. वाळूवर उभी असताना त्यातला एक तपशील नव्याने दिसला. झाडाचा मालक कोण, हे अमात्यांनी नुसतं जमिनीवरून ठरवलेलं नाही. ज्यांनी वाढवलं, त्यांचं दुःख त्यांनी मोजलं आहे.

आमच्या सातबारावरची तीन नावं समान आहेत. वाढवणारं त्यातलं एकच होतं, आणि नेमकं तेच कमी करायचा कागद तयार होता.

*

आत्या बोलली ती परत आल्यावर, तंबू आवरताना. तिने कागद काढून काकाच्या हातात दिला, सहीशिवाय.

“हक्क सोडणार नाही. विकायचं असेल तर तिघांच्या नावाने विकू, मी आडवी येणार नाही. मला तुमच्यापेक्षा जास्त माहितेय किती काम आहे ते.” मग ती मोकळ्या जागेत मधोमध जाऊन उभी राहिली. “दोन माड उभे आहेत. नऊ हवेत. बाणवलीची रोपं रोपवाटिकेतून मिळतील. मीटरभर लांब, रुंद आणि खोल असे नऊ खड्डे मेच्या आधी पाडायचे, शेणखत-माती भरायची, पहिल्या पावसाला रोप लावायचं. हे मी माणूस लावून करून घेईन, पैसे तिघांनी द्यायचे. पुढचं पैशाने होत नाही. पहिली तीन वर्षं ऑक्टोबर ते मे पाणी. मंगळवार माझा. शुक्रवार मला आता होत नाही, पाय सुजतात. तो वार सोडून शनिवार धरा, आणि तो तुमचा. कोण कधी येणार ते लिहून द्या. पुढच्या मेपर्यंतचे सगळे शनिवार. नाही भरले तर एजंटला मी स्वतः फोन करीन.”

बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरतो, पुढे साठ-सत्तर वर्षं देतो. छोटी तेव्हा सोळा वर्षांची असेल. काका पंचावन्नच्या घरात. आत्या किती, ते कुणी मोजलं नाही. पोफळी त्याच्याही नंतर, माडांची सावली पडायला लागली की. म्हणजे ही जागा पुन्हा तंबू ठोकता येणार नाही इतकी भरायला माझी चाळिशी उजाडेल.

परतीच्या बोटीत काकाने हिशोब केला: ऑक्टोबर ते मे, आठ महिने, ३५ शनिवार. दर शनिवारी ठाण्याहून किंवा पुण्याहून थळ, पाऊण तास पंप, तासभर थांबणं, परत पाऊण तास. पेट्रोल, बोट, टोल. मग म्हणाला, “हे वेडेपणाचं आहे.” बाबा म्हणाले, “हो.” थोड्या वेळाने काकाने विचारलं, “पावसाळी ढग ऑक्टोबरात पण असतात ना रे? पहिले दोन शनिवार सुटतील कदाचित.”

मी गुगल शीट बनवली आहे. ३५ ओळी, तारखा, समोर नाव. माझी नऊ आहेत, बाबा-आईंची मिळून आठ, भावाची चार, परीक्षा बघून. काकाने अजून एजंटला नाही म्हटलेलं नाही, पण परवा रात्री साडेअकराला त्याच्या नावाने तीन ओळी भरल्या गेल्या. चौथ्या ओळीत त्याने छोटीचं नाव घातलंय आणि पुढे कंसात ‘सोबत मी’. दहा शनिवार रिकामे आहेत.

आत्याला शीट उघडता येत नाही. तिला मी दर रविवारी आकडा सांगते. ती “बरं गो” म्हणते आणि विचारते, खड्डे पाडायला मार्चचा पहिला आठवडा चालेल का.